‘नेतृत्वाखाली’ म्हणजे नक्की कोणाच्या खाली?

पेट झाली, आता सिनॉप्सिस लिहायचाय, असे मेसेज गेल्या महिनाभरात बरेच आले. विषय कसा निवडायचा यावर आधी लिहून झालंय. आज एका शब्दाबद्दल लिहितो, कारण त्या शब्दानं माझे चार महिने खाल्ले.

शब्द आहे ‘नेतृत्व’. माझा विषय मुंबईचे गिरणी कामगार. पहिल्या प्रकरणाचा कच्चा खर्डा गाइडकडे दिला. आठ दिवसांनी परत आला तेव्हा ‘यांच्या नेतृत्वाखाली’ या शब्दांभोवती जागोजागी लाल गोल होते. मॅडमनी समासात एकच वाक्य लिहिलं होतं: “खाली म्हणजे काय? तिथं कोण होतं आणि ते काय करत होतं?” मला आधी रागच आला. शाळेपासून आपण हेच लिहीत आलोय ना? ‘टिळकांच्या नेतृत्वाखाली’, ‘गांधीजींच्या नेतृत्वाखाली’. पाच मार्कांच्या उत्तरात हे वाक्य नसेल तर उत्तर पूर्ण वाटत नाही. पण प्रबंध म्हणजे पाच मार्कांचं उत्तर नाही, हे मला त्या लाल गोलांनी शिकवलं. तुम्हाला ते माझ्यापेक्षा लवकर कळावं म्हणून हा लेख.

आधी शब्दांची यादी करा

संकल्पना अवघड वाटली की मी एक साधी गोष्ट करतो. त्या अर्थानं आपल्या भाषेत किती शब्द आहेत ते वहीत लिहून काढतो. नेत्यासाठी मराठीत किती शब्द सापडतात बघा: नेता, नायक, पुढारी, म्होरक्या, मुकादम, अग्रणी, अग्रेसर, धुरीण, प्रमुख, सरदार, सरपंच, देशमुख. आता यांचे गट पाडा.

पहिला गट ‘पुढे असणाऱ्यां’चा. पुढारी हा ‘पुढे’वरून आला. म्होरक्या हा ‘म्होरं’ म्हणजे पुढे, त्यावरून. अग्रणी आणि अग्रेसर यांत ‘अग्र’ आहे. मुकादम मूळचा अरबी ‘मुकद्दम’, म्हणजे पुढे ठेवलेला, अग्रक्रमाचा. आपण पावलाला ‘कदम’ म्हणतो ते याच धातूतलं. म्हणजे पुढारी आणि मुकादम हे दोन वेगळ्या भाषांतून आलेले, पण आतून एकाच अर्थाचे शब्द आहेत.

दुसरा गट डोक्याचा आणि तोंडाचा. फारसी ‘सर’ म्हणजे डोकं. त्यावरून सरदार, सरपंच, सरनौबत. कान्होजी आंग्र्यांचा ‘सरखेल’ हा किताबही त्यातलाच. प्रमुख आणि देशमुख यांत ‘मुख’ आहे. इथं समाज हे एक शरीर मानलंय आणि नेता म्हणजे त्याचं डोकं किंवा तोंड.

तिसऱ्या गटात धुरीण आणि धुरंधर. ‘धुर्’ म्हणजे गाडीचं जू. ‘पक्षाची धुरा सांभाळली’ असं आपण म्हणतो तेव्हा नेता हा खरं तर मानेवर जू घेतलेला बैल असतो. बॅनरवर ‘धुरंधर’ छापणाऱ्यांना हे कोणी सांगत नसावं!

चौथा गट ‘नेणाऱ्यां’चा. संस्कृत ‘नी’ धातू म्हणजे नेणे. त्यापासून नेता, नायक आणि नेतृत्व. नीती, विनय, अभिनय, परिणय हे याच घरातले. नेत्र म्हणजे डोळासुद्धा, कारण तो नेतो. (अग्रणी या शब्दात ‘अग्र’ही आहे आणि ‘नी’ही, म्हणून तो दोन्ही गटांत बसतो.)

फरक लक्षात आला का? पुढारी नुसता पुढे उभा असतो. मागं कोणी आहे की नाही, हे शब्द सांगत नाही. नेता म्हटलं की मात्र दोन प्रश्न लगेच उभे राहतात. कोणाला नेतोय? कुठे नेतोय?

पण थांबा, व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे

इथं नव्या संशोधकाचा पाय घसरतो. माझाही घसरला. व्युत्पत्ती सापडली की वाटतं, खरा अर्थ सापडला. तसं नसतं. शब्द कुठून आला हे व्युत्पत्ती सांगते. माणसांनी त्याचा काय उपयोग केला, हे कागदपत्रं सांगतात. इतिहासाच्या विद्यार्थ्याला दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची.

‘नायक’ याच शब्दाचं बघा. संस्कृत नाट्यशास्त्रात नायक म्हणजे नाटकाचा मुख्य पुरुष. धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशांत, धीरोद्धत असे त्याचे प्रकार. धनंजयाच्या दशरूपकात तर याच अर्थानं ‘नेता’ शब्द येतो. म्हणजे दहाव्या शतकातल्या त्या ग्रंथात नेता कोणाला कुठं नेत नाही. कथानक त्याच्याभोवती फिरतं, एवढंच.

आता शिवकाळात या. पायदळात साधारण नऊ-दहा पाइकांवर एक नाईक, पाच नाइकांवर हवालदार, मग जुमलेदार, मग हजारी, सर्वांत वर सरनौबत. इथं नाईक म्हणजे अधिकाराच्या उतरंडीतली सगळ्यात खालची पायरी. रोज माणसांत वावरणारा, त्यांना नावानं ओळखणारा. आजच्या भारतीय सैन्यातही लान्स नायक, नायक, हवालदार ही उतरंड आहेच. नाटकात जो सगळ्यात मोठा, तो पलटणीत जवळजवळ सगळ्यात धाकटा. शब्द एकच.

आणि याच शब्दाचं स्त्रीलिंगी रूप? ‘नायिका’ झाली नाटक-कादंबरीतली. ‘नायकीण’ मात्र गोव्यात आणि कोकणात गाण्या-नाचण्यावर जगणाऱ्या कलावंतिणीला म्हटलं गेलं, आणि तो शब्द मानानं उच्चारला जात नव्हता. पुरुषाला लागला की अधिकार, बाईला लागला की कलंक. हे कुठल्याही धातुपाठात मिळणार नाही. हे समाजात मिळतं.

मूकनायक: समास कोणता?

३१ जानेवारी १९२० रोजी मुंबईतून ‘मूकनायक’ हे पाक्षिक सुरू झालं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ते काढलं, पण संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकर यांचं होतं. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली होती. १९२३ मध्ये ते बंद पडलं. एवढं तुम्ही नेट-सेटसाठी पाठ केलंच असेल. आता त्या नावाचा विग्रह करा.

‘मूक असा नायक’ की ‘मूकांचा नायक’? व्याकरणानं दोन्ही होतात. पहिला घेतला तर नायकच मुका ठरतो. पत्राच्या शीर्षस्थानी तुकोबांचा अभंग छापला जात असे. मुक्याची जगात कोणी दखल घेत नाही, लाजून राहण्यात हित नाही, असा त्याचा आशय. तो वाचला की कळतं, इथं दुसरा विग्रह हवा. मूकांचा नायक. ज्यांना बोलू दिलं नाही त्यांच्या बाजूनं बोलणारा.

मग हा नायक कोण? माझं वाचन असं की, नायक इथं माणूस नाही, ते वृत्तपत्रच नायक आहे. नाटकातल्या नायकासारखा तो कथेच्या मध्यभागी नाही, पलटणीतल्या नाइकासारखा तो हुकूमही देत नाही. त्याचं काम आवाज होण्याचं. १९२० मध्ये नेतृत्वाची ही व्याख्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात नव्हती. ती एका पाक्षिकाच्या नावात होती. तुम्ही माझ्याशी असहमत असू शकता. पण असहमत व्हायचं तर त्या अंकांतूनच पुरावा आणावा लागेल, आणि तेच तर संशोधन.

पुढारी का घसरला?

शब्दांनाही उतरती कळा लागते. स्वातंत्र्यपूर्व काळात ‘पुढारी’ हा मानाचा शब्द होता. देशाचे पुढारी, समाजाचे पुढारी. १९३० च्या दशकात कोल्हापुरात ग. गो. जाधवांनी वृत्तपत्र काढलं, त्याचं नावच ‘पुढारी’. कोणी आपल्या वृत्तपत्राला टिंगलीचा शब्द ठेवत नाही. आज मात्र गावात एखाद्याला “लय पुढारी झालास का रे?” म्हटलं तर ते कौतुक नसतं. कांजी केलेला पांढरा शर्ट, गाडीच्या काचेवर पक्षाचं चिन्ह, असं चित्र डोळ्यांसमोर येतं.

याच शब्दाचं एक भावंडंही आहे: ‘पुढारलेला’. पुढारलेले आणि मागासलेले. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ च्या ठरावानं करवीर संस्थानात रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्यांसाठी राखल्या, तेव्हा मागासलेले कोण हे सांगताना आधी पुढे गेलेले वर्ग कोणते ते सांगावं लागलं. म्हणजे पुढारी कोण होऊ शकतो, याचं उत्तर बऱ्याच अंशी पुढारलेला कोण आहे यावर ठरत होतं. शिक्षण, नोकरी, छापखाना ज्यांच्या हातात, तेच ‘पुढे’ दिसत होते. या दोन शब्दांचं नातं डोक्यात ठेवून तेव्हाची वर्तमानपत्रं वाचा, वेगळीच दिसतील.

‘नेतृत्व’ आज तीन कामं करतं

फ्लेक्सवर नजर टाका. ‘उगवतं नेतृत्व’, ‘दमदार युवा नेतृत्व’. इथं नेतृत्व म्हणजे चक्क एक माणूस, गॉगलसकट. बातमीत: ‘पक्षाचं नेतृत्व निर्णय घेईल.’ इथं नेतृत्व म्हणजे वरची चार-पाच माणसं. व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरात: ‘मुलांमध्ये नेतृत्वगुण रुजवा.’ इथं ते माणसाच्या आत असलेलं काहीतरी. आणि आपल्या प्रबंधांत: ‘यांच्या नेतृत्वाखाली.’ हे तर नुसतं शब्दयोगी अव्ययासारखं वापरलं जातं, लिहिणाराही थांबून बघत नाही.

इंग्रजीत ‘लीडर’ हा शब्द मध्ययुगापासून आहे, पण ‘लीडरशिप’ एकोणिसाव्या शतकातला. तोही आधी पदासाठी होता, अंगच्या गुणासाठी नंतर वापरात आला. म्हणजे नेतृत्व हा एक गुण आहे, तो काही जणांत असतो आणि काहींत नसतो, ही कल्पना तुलनेनं नवी आहे. ती आपण सतराव्या शतकातल्या माणसांच्या गळ्यात घालतो तेव्हा जपून. ‘अमुक सरदाराच्या अंगी नेतृत्वगुण होते’ हे वाक्य त्या सरदारापेक्षा आपल्या काळाबद्दल जास्त सांगतं. त्याच्याकडे वतन किती, घोडी किती, भाऊबंद किती, हे विचारलं तर काहीतरी हाती लागेल.

गिरणीत नेता कोण?

आता माझ्या विषयाकडे. गिरणीत भरती करणारा, कामावर नजर ठेवणारा, अडीनडीला पैसे देणारा माणूस म्हणजे जॉबर. त्यालाच मुकादमही म्हणत. राजनारायण चंदावरकरांचं मुंबईच्या गिरण्यांवरचं पुस्तक (१९९४) जरूर वाचा. जॉबरची सत्ता एकतर्फी नव्हती, त्याला वस्तीतल्या माणसांचा विश्वास टिकवावा लागे, हे त्यातून नीट कळतं. मालकासाठी तो मालकाचा माणूस, आणि संपाच्या वेळी कामगारांकडे पाठ फिरवली तर त्याचं वजन संपलं. मग तो ‘खालचा’ की ‘वरचा’?

१९०८ घ्या. २२ जुलैच्या रात्री टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि लगेच त्यांना मुंबईबाहेर हलवलं गेलं. पुढचे सहा दिवस गिरण्या बंद पडल्या. हा संप टिळकांसाठी होता, यात वाद नाही. पण ‘टिळकांच्या नेतृत्वाखाली’ होता का? ते तर कैदेत होते. मग खात्याखात्यांतून, चाळीचाळींतून माणसं बाहेर कोणी काढली? ‘नेतृत्वाखाली’ लिहिलं की हा प्रश्न विचारायचंच राहून जातं.

१९८२ तर आपल्या आई-वडिलांच्या आठवणीतलं. १८ जानेवारीला सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. नेते डॉ. दत्ता सामंत. पण सामंतांचं बळ होतं इंजिनिअरिंगसारख्या दुसऱ्या उद्योगांत. गिरणी कामगार स्वतःहून त्यांच्याकडे गेले, आमचं नेतृत्व करा म्हणून. कायद्याच्या दृष्टीनं मात्र प्रतिनिधी संघटना होती राष्ट्रीय मिल मजदूर संघ, १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार. म्हणजे कायद्यानं ज्यांना नेता मानलं त्यांच्यामागे संपकरी नव्हते, आणि संपकरी ज्यांच्यामागे होते त्यांना कायदा ओळखत नव्हता. हा कायदा बदला, हीसुद्धा संपातली एक मागणी होती. नेतृत्व या शब्दाच्या अर्थावरून इथं अडीच लाख घरांची चूल पणाला लागली होती. हा संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही.

आजीचा शब्द

माझे आजोबा त्या अडीच लाखांतले एक. ते आता नाहीत. मुलाखत घेतली आजीची. रेकॉर्डर चालू केला आणि विचारलं, “आजी, संपात आपल्या चाळीचा पुढारी कोण होता?”

“पुढारी? पुढारी कसला आलाय! डॉक्टर होते मोठे नेते. ते सभेला.”

“मग चाळीत कोण बघायचं सगळं?”

“तात्या बघायचे. तळमजल्यावरचे. कुणाच्या घरात चूल पेटली नाही, कुणी गावाला गेलं, कुणी गुपचूप कामावर जायला लागलं, त्यांना सगळं ठाऊक. मला खानावळीला माणसं त्यांनीच लावून दिली.”

“म्हणजे ते पुढारीच की.”

आजी वैतागली. “अरे नाही रे बाबा. जाणते होते ते. जाणता माणूस वेगळा, पुढारी वेगळा.”

मी घरी येऊन इंग्रजी प्रकरणात लिहून टाकलं, ‘लोकल लीडर’. काम झालं. मॅडमनी तिथंही गोल केला आणि विचारलं, “हा शब्द तिचा आहे का?”

नव्हता. तिनं तर तो दोनदा नाकारला होता, रेकॉर्डिंगवर. आणि मी तिचं नाकारणं गाळून माझा शब्द तिच्या तोंडी घातला होता. वरची यादी परत बघा. पुढे असणारा, डोकं असणारा, जू ओढणारा, नेणारा. ‘जाणता’ यांपैकी कशातच बसत नाही. तो पुढे नाही, वरही नाही. त्याला माहीत आहे, म्हणून माणसं त्याच्याकडे जातात. आणि कामावर परत कोण जातंय हेही त्याला माहीत आहे, म्हणून माणसं त्याला थोडी घाबरतातही. आजीच्या एका शब्दात संप दीर्घकाळ कसा टिकला याचं निम्मं उत्तर होतं. मी ते भाषांतरात घालवत होतो.

आपण मराठीत मुलाखती घेतो आणि बऱ्याचदा इंग्रजीत लिहितो. पुढारी, म्होरक्या, मुकादम, नेता, जाणता, सगळे जाऊन पडतात ‘लीडर’ नावाच्या एकाच पोत्यात. पोतं बांधलं की आतलं धान्य कोणतं, ते परत ओळखता येत नाही.

मग करायचं काय?

मी आता जे करतो ते सांगतो. पटलं तर घ्या.

एक, प्रत्येक स्रोतात नेत्यासाठी कोणता शब्द आलाय त्याची वेगळी वही ठेवा. शब्द, तारीख, कोणी कोणाबद्दल वापरला. मोल्सवर्थचा कोश (दुसरी आवृत्ती १८५७) आणि दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश शेजारी उघडा ठेवा. दोन्हींच्या मध्ये जवळपास पाऊणशे वर्षं आहेत. अर्थ कुठं सरकला ते तुलना केल्यावर दिसतं.

दोन, शब्द कोणाच्या तोंडचा आहे ते विचारा. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यात सुप्याच्या बाजारादिवशी शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे हिसकावून जाळले. अशा प्रसंगी पोलीस म्होरके शोधतात, कारण खटला भरायला नाव लागतं. पुढे चरित्रकार पुढारी शोधतात, कारण चरित्राला नायक लागतो. दोघांनाही शेवटी एक माणूस हवा असतो. पण त्या दिवशी बाजारात काय घडलं हे समजायला एक माणूस पुरतोच असं नाही. रणजित गुहांचं शेतकरी उठावांवरचं पुस्तक (१९८३) याच ठिकाणी उपयोगी पडतं.

तीन, ‘नेतृत्वाखाली’ लिहिलंत की ते खोडून क्रियापदं लिहून बघा. कोणी बोलावलं, कोणी पैसे जमवले, कोणी निरोप पोचवला, कोणी भाकरी थापल्या. क्रियापदं लिहिता आली तर ‘नेतृत्वाखाली’ची गरज उरत नाही. लिहिता आली नाहीत, तर तुम्हाला अजून माहिती नाही, एवढंच. परत दप्तरखान्यात जा.

चार, मुलाखतीतला मूळ शब्द देवनागरीतच ठेवा, भले प्रबंध इंग्रजी असो. खाली एक ओळ खुलासा द्या. परीक्षक व्हायवात विचारतील. विचारू देत. तेवढं उत्तर आपल्याकडे असलं पाहिजे.

माझ्या तिसऱ्या प्रकरणाचं नाव आता ‘जाणता’ आहे. आजीला सांगितलं, तर म्हणाली, “तात्यांचं नाव घालू नकोस हो, त्यांना आवडायचं नाही.” घातलेलं नाही.

तुमच्या विषयात असा एखादा शब्द आहे का, जो तुम्ही न बघताच वापरताय? आज सिनॉप्सिस उघडा आणि लाल पेन हातात घ्या. गाइडच्या आधी आपणच गोल केलेला बरा.